विदिचची उडी आणि तिची किंमत

११ मार्च २००९. ओल्ड ट्रॅफर्डवर चॅम्पियन्स लीगचा सामना सुरू होऊन चारच मिनिटं झाली होती. रायन गिग्जने कॉर्नरवरून चेंडू उचलला आणि इंटर मिलानच्या गर्दीतून मँचेस्टर युनायटेडचा डिफेंडर नेमान्या विदिच याचं कपाळ त्याच्यावर पोहोचलं. हेडर, गोल. तीन दिवसांनी याच मैदानावर लिव्हरपूलविरुद्ध खेळताना विदिचने एक उंच, लांबचा चेंडू हवेत न अडवता टप्पा पडू दिला. फर्नांडो टोरेस मागून आला, चेंडू हिसकावून पळाला आणि बरोबरीचा गोल झाला. मँचेस्टर युनायटेड तो सामना १-४ असा हरलं आणि विदिचला लाल कार्ड मिळालं.

तो हंगाम विदिचचा सर्वोत्तम होता. त्याच हंगामात युनायटेडने प्रीमियर लीगच्या सलग १४ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. गोलरक्षक व्हॅन डर सार १,३११ मिनिटं अभेद्य राहिला. हंगामअखेर विदिच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डिफेंडरला हा मान क्वचित मिळतो, त्याला तो २०११ मध्ये पुन्हा मिळाला. इतक्या पक्क्या खेळाडूकडून झालेली चूक समजून घ्यायची तर हवेतल्या चेंडूचं आणि हवेतल्या माणसाचं गणित बघावं लागतं.

विदिचचा जन्म १९८१ मध्ये पश्चिम सर्बियातल्या उझित्से गावचा. किशोरवयातच तो बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबच्या युवा संघात गेला, एक हंगाम सुबोतित्साच्या स्पार्टाककडून खेळला, परत येऊन रेड स्टारचा कर्णधार झाला. २००४ मध्ये मॉस्कोचा स्पार्टाक, जानेवारी २००६ मध्ये मँचेस्टर. तिथे ३०० सामने, २१ गोल, पाच लीग विजेतेपदं आणि २००८ ची चॅम्पियन्स लीग.

आता उडी. विदिचची उंची सुमारे १.९ मीटर. असा खेळाडू धावत येऊन शरीर ६० सेंटिमीटर वर नेऊ शकला, तर त्याचं कपाळ गोलच्या आडव्या दांडीच्या, म्हणजे २.४४ मीटरच्या आसपास पोहोचतं. ६० सेंटिमीटर वर जायला ०.३५ सेकंद लागतात, खाली यायला तेवढेच. यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. हवेतल्या एकूण वेळातला अर्धा वेळ शरीर उंचीच्या सर्वांत वरच्या चतुर्थांशात असतं, कारण वर पोहोचता पोहोचता वेग कमी होत जातो. चांगला हेडर मारणारा ‘हवेत थांबल्यासारखा’ दिसतो तो यामुळे. प्रत्यक्षात थांबत कोणीच नाही, गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच ओढतं.

यातून वेळेचं गणित निघतं. कॉर्नरचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल, तर ०.३५ सेकंदात तो सात मीटर अंतर कापतो. म्हणजे चेंडू सात मीटर लांब असतानाच पाय जमिनीवरून सुटायला हवेत. शिखर गाठण्यात सेकंदाचा दहावा भाग चुकला तर पाचच सेंटिमीटर उंची जाते, तेवढं चालून जातं. दोन दशांश चुकले की २० सेंटिमीटर जातात आणि चेंडू केसांना घासून निघून जातो. नवशिके बहुतेक वेळा लवकर उडतात, कारण चेंडू जवळ येताना दिसला की धीर धरवत नाही.

उंचीसाठी हातही लागतात. दोन्ही हात जोरात वर फेकले की उडी काही सेंटिमीटर वाढते, शिवाय बाजूच्याचा अंदाज घेता येतो. पण वर गेलेला हात धोक्याचा. १८ जून २०१० ला पोर्ट एलिझाबेथमध्ये वर्ल्ड कपच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध विदिचने क्रॉसला, म्हणजे बाजूने आत आलेल्या उंच चेंडूला, उठताना चेंडू हाताने खेळला आणि पेनल्टी दिली गेली. सर्बियाचा गोलरक्षक स्टोयकोविचने जर्मनीच्या पोडोल्स्कीचा फटका अडवला म्हणून सर्बिया १-० जिंकू शकला. प्रशिक्षक म्हणून शिकवायचं असेल तर इतकं सांगावं: हात उडी सुटेपर्यंत वर, चेंडू जवळ आला की कोपर खांद्याच्या खाली.

मग टक्कर. चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. तो १५ मीटर वेगाने आला आणि १० मीटर वेगाने उलट गेला, असं धरू. डोक्याशी त्याचा संपर्क सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा थोडाच जास्त टिकतो, १५ मिलिसेकंद म्हणू. एवढ्या वेळात चेंडू उलटवायला सरासरी ७०० न्यूटनचा जोर लागतो, म्हणजे क्षणभर कपाळावर ७० किलोंचं ओझं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मान सैल असेल तर सगळा धक्का त्या पाच किलोंनाच बसतो आणि डोकं मागे फेकलं जातं. मान आणि पाठ ताठ असेल तर डोकं धडाशी जोडलं जातं आणि तोच धक्का बराच जड शरीर झेलतं. म्हणून तंत्र असं: कंबरेपासून मागे कमान घ्यायची, हनुवटी छातीकडे ओढायची, दात एकमेकांवर घट्ट, डोळे उघडे आणि चेंडू केसांच्या रेषेखाली, कपाळाच्या सपाट हाडावर घ्यायचा. टाळूवर घेतला तर दुखतं आणि चेंडूही भलतीकडे जातो. बचावात चेंडूच्या मध्याखाली मारायचं म्हणजे तो उंच आणि लांब जातो. गोल करायचा असेल तर मध्याच्या वर, चेंडू जमिनीकडे दाबायचा.

तंत्र कितीही चांगलं असलं तरी मेंदूपर्यंत धक्का पोहोचतोच. म्हणून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूंसाठीही सरावात आठवड्याला जोराचे हेडर जास्तीत जास्त दहा, अशी मर्यादा सुचवली आहे. मुलांना शिकवताना हलका चेंडू, हातातून टाकलेला, आणि मोजके प्रयत्न, एवढ्यावरच थांबावं.

आता टोरेसकडे परत. दहा मीटर उंचीवरून पडणारा चेंडू गवतावर आपटून साधारण तीन मीटर उसळतो, असं धरलं तर त्याला वर जायला पाऊण सेकंद लागतो. या पाऊण सेकंदात आठ मीटर वेगाने धावणारा स्ट्रायकर सहा मीटर आत येतो. शिवाय टप्प्यानंतर चेंडू कुठे जाईल हे त्याची फिरकी आणि गवत ठरवतात, डिफेंडर नाही. हवेतल्या चेंडूचा मार्ग सोपा असतो, टप्प्यानंतर तो दुसराच चेंडू होतो. क्रिकेटमध्ये उंच झेलाखाली उभा राहिलेला क्षेत्ररक्षक जाणतो की पुढे पळायचं की मागे, हे पहिल्या दोन पावलांत ठरतं. डिफेंडरचंही तसंच. शरीर तिरकं ठेवून, छाती पूर्ण चेंडूकडे न करता मागे सरकायचं आणि पहिल्या उंचीवरच चेंडू घ्यायचा. ते जमणार नसेल तर प्रतिस्पर्धी आणि गोल यांच्यामध्ये उभं राहून चेंडू गोलरक्षकाकडे जाऊ द्यायचा. या दोहोंच्या मध्ये अडकणं सगळ्यात महाग पडतं.

विदिच स्वभावाने पुढे जाणारा होता. ते परवडायचं, कारण त्याच्या मागे रिओ फर्डिनंड असायचा. एक चेंडूवर झेप घेणार, दुसरा सहा-सात मीटर मागे तिरक्या कोनात उभा राहून निसटलेला चेंडू गोळा करणार. या जोडीचं मोठेपण मला या अंतरात दिसतं. अंतर कमी झालं तर एकाच पासने दोघेही हरतात, वाढलं तर मधल्या जागेत स्ट्रायकरला वळायला मोकळं रान मिळतं. राष्ट्रीय संघातही असाच संच होता. २००६ च्या वर्ल्ड कप पात्रता फेरीत सर्बिया-माँटेनेग्रोने दहा सामन्यांत एकच गोल खाल्ला, तोही माद्रिदमध्ये स्पेनच्या राउलकडून. विदिच, क्रस्ताइच, गाव्रांचिच आणि द्रागुतिनोविच ही चौकडी त्यामागे होती. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र विदिच पहिल्या सामन्यात निलंबित आणि पुढे सरावात गुडघा दुखावल्याने बाहेर. अर्जेंटिनाने त्या संघाला ६-० हरवलं.

उडी कॅमेरे टिपतात. उतरणं मात्र दुर्लक्षित राहतं, आणि डिफेंडरचं शरीर तिथे झिजतं. ६० सेंटिमीटर वरून आलेलं शरीर थांबवायला गुडघे-घोटे वाकून ३० सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी जोर वजनाच्या तिप्पट बसतो. पाय ताठ राहून पाचच सेंटिमीटर मिळाले, तर तेरापट. त्यात हवेत कोणी ढकललेलं असेल तर एकाच पायावर, गुडघा आत वळलेला, असं उतरणं होतं. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे चिवट पट्टे, असतात. त्यांतला पुढचा, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा, अशा वेळी पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फाटतो. स्नायू प्रतिक्षिप्तपणे सावरायला याच्या दुप्पट वेळ घेतात. म्हणजे पडताना सावरू म्हणून चालत नाही, पाय टेकण्याआधीच स्नायू ताठ असावे लागतात, आणि ते सवयीनेच होतं.

म्हणून ‘फिफा ११+’ ही २० मिनिटांची तयारी आठवड्यातून किमान दोनदा करायला सांगतात: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं. त्यातला उड्यांचा भाग घाईत उरकला जातो. तो असा करावा: चवडे आधी, टाच नंतर, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर मागे, आणि उतरताना आवाज जवळजवळ नाही. धप्प आवाज आला तर गुडघे पुरेसे वाकले नाहीत. मग जोडीदाराने हवेत खांद्याला हलका धक्का द्यायचा आणि तरीही गुडघा रेषेत ठेवायचा.

७ डिसेंबर २०११ ला बासेलमध्ये विदिच पूर्वार्धातच स्ट्रेचरवरून बाहेर गेला. गुडघ्यातलं ते फुलीसारखं लिगामेंट, म्हणजे क्रुसिएट, फाटलं होतं आणि हंगाम संपला. अशा शस्त्रक्रियेत फाटलेल्या जागी शरीरातलाच एक स्नायूरज्जू बसवतात. गंमत नाही, पण बसवल्यावर पहिले काही आठवडे तो उलट कमजोर होत जातो, कारण जुन्या पेशी मरतात आणि नवी रक्तवाहिनी आत शिरायला वेळ लागतो. दुखणं थांबलेलं असतं, खेळाडूला बरं वाटतं, आणि नेमका तेव्हाच धागा सर्वांत नाजूक असतो. मैदानावर परतायला साधारण नऊ महिने थांबावं, हा आजचा संकेत त्यातूनच आला. विदिच ऑगस्ट २०१२ मध्ये परतला. सप्टेंबरमध्ये गुडघ्याच्या मेनिस्कसवर, म्हणजे दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गादीवर, शस्त्रक्रिया करावी लागली. तरी त्या हंगामात तो कर्णधार म्हणून पाचवी लीग जिंकला.

२०१४ मध्ये तो त्याच इंटर मिलानकडे गेला. तिथे पाठीने दगा दिला, मणक्याची चकती सरकल्याने शस्त्रक्रिया झाली. ही चकती बाहेरून चिवट कडी आणि आत जेलीसारखा गर अशी असते. कंबर वाकवणं, पिळणं आणि वर आदळणं वारंवार होत राहिलं की कडीला भेगा पडून गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणारी नस दाबतो. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात, पोषण शेजारच्या हाडातून हळूहळू झिरपत येतं, त्यामुळे ती भरून यायला महिनोन्महिने लागतात. जानेवारी २०१६ मध्ये इंटरने परस्पर संमतीने त्याचा करार संपवला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, ३४ व्या वर्षी, विदिचने दुखापतींचं कारण देत निवृत्ती जाहीर केली.