बालकार्यक्रमांतील जुन्या ॲनिमेशन तुकड्यांचा लोप

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या बालकार्यक्रमांत मुख्य प्रसंगांच्या मधे दाखवले जाणारे, अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंतचे ॲनिमेशनपट हळूहळू प्रक्षेपणातून वगळले जातात आणि पुढे अनेकदा त्यांची प्रतही हाती लागत नाही. एखादा कार्यक्रम बंद पडला तर त्याची दखल घेतली जाते. कार्यक्रम चालू राहिला आणि त्याच्या पोटातले तुकडे तेवढे गळून पडले, तर ते लहानपणी पाहिलेल्या प्रेक्षकाखेरीज कोणाच्या फारसे लक्षात येत नाही. त्यामुळे ही हानी मोठी असूनही दीर्घकाळ नोंदीबाहेर राहिली.

या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’. जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांच्या कल्पनेतून साकारलेला हा कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला. जाहिराती मुलांच्या तोंडी सहज बसतात, हे ध्यानात घेऊन त्यात अक्षरे व अंक शिकवणारे छोटे ॲनिमेशनपट जाहिरातींसारखे मधे मधे पेरले गेले. ते वेगवेगळ्या स्वतंत्र कलावंतांकडून करून घेतलेले असल्याने प्रत्येकाची रेषा, रंग आणि संगीत निराळे असे. एकच तुकडा अनेक भागांत, अनेक वर्षे पुन्हा पुन्हा दाखवला जाई. पुनरावृत्तीतून मूल शिकते, हा त्यामागचा विचार होता. मात्र यामुळेच तो तुकडा कोणत्याही एका भागाचा राहिला नाही, आणि बहुतेकांवर कर्त्याचे नावही झळकत नसल्याने त्याची विचारपूस करणारे कोणी उरले नाही.

लोपाची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. १९९८ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये एल्मो या बाहुल्याभोवती फिरणारा ‘एल्मोज वर्ल्ड’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा स्थायी विभाग आला. २००२ मध्ये अधिक लहान वयाचा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून सरमिसळ मांडणीऐवजी ठरावीक क्रमाचे विभाग करण्यात आले, आणि जानेवारी २०१६ पासून तासाभराचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आला. वेळ कमी पडली की पहिली कात्री मधल्या तुकड्यांवर चालते. जुनी चित्रे जवळजवळ चौरस पडद्यासाठी काढलेली असल्याने रुंद पडद्यावर ती विजोड दिसतात; संगीताचे हक्क नव्याने घ्यावे लागतात; शिवाय मुलांना काय दाखवावे याच्या कल्पनाही बदलतात. २००६ मध्ये सुरुवातीच्या वर्षांतील भाग डीव्हीडीवर आले, तेव्हा ते मोठ्यांसाठी असून आजच्या बालवाडीच्या वयातील मुलांच्या गरजांना कदाचित अनुरूप नसतील, अशी सूचना निर्मात्यांनीच त्यावर दिली होती. ही कारणे प्रक्षेपणापुरती समजण्यासारखी आहेत. प्रती पाहायलाही न मिळण्याचे समर्थन मात्र त्यांतून होत नाही.

१९७५ मध्ये याच कार्यक्रमात आलेल्या एका तुकड्यात अंथरुणावर पडलेली मुलगी भिंतीवरच्या भेगांकडे पाहत असते आणि त्या भेगांतून उंट, माकड व कोंबडी आकार घेतात. पुढे त्यांना भेगांचाच बनलेला एक दुष्ट धनी भेटतो आणि दुष्टपणापायी तो ढासळून पडतो. १९८० नंतर हा तुकडा दिसेनासा झाला. ज्यांनी तो बालपणी भीत भीत पाहिला होता, त्यांपैकी काहींनी मोठेपणी त्याचा चिकाटीने शोध घेतला आणि २०१३ मध्ये त्याची प्रत मिळाली. केवळ आठवणीच्या बळावर एवढा पाठपुरावा होतो, यावरून अशा तुकड्यांचा बालमनावरील ठसा किती खोल असतो हे कळते.

भारतात दूरदर्शनवर असे लघुपट दोन कार्यक्रमांमधील जागा भरण्यासाठी वापरले जात. त्यांतील ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेचा ॲनिमेशनपट विजया मुळे यांचा असून ॲनिमेशन भीमसैन यांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या जाळ्यासकट उडून जातात आणि उंदीर ते जाळे कुरतडून त्यांना सोडवतात, हा त्यातील प्रसंग दोन पिढ्यांना पाठ आहे. तो टिकला याचे कारण लोकप्रियतेइतकेच व्यवस्थेतही आहे: तो फिल्मवर होता, त्याला नाव होते आणि तो सांभाळणारी संस्था होती. व्हिडिओ टेपवरील कार्यक्रमांच्या वाट्याला हे भाग्य कमी आले, कारण टेप महाग असल्याने जुने पुसून त्यावर नवे मुद्रित करण्याची पद्धत जगभर रूढ होती.

मराठी वस्ती असलेल्या गुजरातमधील बडोद्याच्या संदर्भात या विषयाला दोन बाजू आहेत. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत शिकलेले इशू पटेल १९७२ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात गेले. त्यांचा ऑस्कर नामांकन मिळालेला ‘बीड गेम’ (१९७७) मंडळाच्या संकेतस्थळावर आजही कोणालाही पाहता येतो. त्याच काळात त्याच तोडीची मेहनत घेऊन केलेले, पण दुसऱ्याच्या कार्यक्रमात निनावी विरघळलेले कितीतरी ॲनिमेशनपट मात्र दुर्मिळ झाले.

दुसरी बाजू प्रेक्षकांची. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी मुले घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि पडद्यावर हिंदी ऐकत वाढली; चित्रांवर आणि सुरांवर चालणारे हे तुकडे त्यांना तिन्ही भाषांच्या पलीकडे जाऊन कळत. अशा घरांच्या माळ्यावरील मुंजीच्या वा बारशाच्या कॅसेटमध्ये, समारंभ संपल्यावर उरलेल्या टेपवर, कोणीतरी रविवार सकाळचे दूरदर्शन मुद्रित करून ठेवलेले असू शकते. असे घरगुती मुद्रण किती मोलाचे ठरते, हे जपानने दाखवून दिले आहे. तेथील ‘मिन्ना नो उता’ या १९६१ पासून चालणाऱ्या गीतमालेतील अनेक जुनी ॲनिमेशन गीते एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेकडे उरली नव्हती. २०११ पासून प्रेक्षकांना आवाहन करून त्यांच्या संग्रहातून ती मिळवण्यात आली. ‘सेसमी स्ट्रीट’चे सुमारे साडेचार हजार भाग २०१९ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक प्रसारण अभिलेखागाराला देण्यात आले. भाग अखंड असले की त्यांतील तुकडेही आपोआप जपले जातात.

घरगुती कॅसेटला दमट पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. ती तशीच यंत्रात घातल्यास बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, पसरते आणि टेप तुटण्याचाही धोका असतो, म्हणून आधी सफाई करून मगच डिजिटल प्रत काढावी लागते. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्राचे, उत्पादन २०१६ मध्ये थांबल्याने चालू स्थितीतील यंत्रेही कमी होत चालली आहेत. प्रत काढताना हवा तेवढाच तुकडा न घेता त्याच्या मागच्या-पुढच्या जाहिराती आणि निवेदिकेची घोषणा यांसह सलग मुद्रण घ्यावे, कारण निनावी तुकड्याचा काळ आणि प्रक्षेपण केंद्र बहुधा त्यांवरूनच ठरवता येते.