एफवायला उन्हाळी इंटर्नशिप: अर्ज कुठे करायचा, कुठे करायचा नाही आणि एनओसीचं काय करायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये एफवायची, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं विचारायला येतात, "मॅडम, सुट्टीत इंटर्नशिप करायचीय, फॉर्म कुठे भरू?" मे महिन्यात त्यातलीच बरीच परत येतात, "रिजेक्ट झाला" असं सांगत. मार्क कमी म्हणून मागे आलेले अर्ज त्यात मोजकेच असतात. जिथे पहिल्या वर्षाला मुळात जागाच नाही तिथे अर्ज केलेला असतो, नाहीतर कॉलेजची एनओसी (ना हरकत पत्र) वेळेत किंवा नीट मिळालेली नसते. म्हणून या दोन गोष्टींबद्दल सविस्तर लिहिते आहे.

सर्वात जास्त मुलं अडकतात ती राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत. जुलै २०२४ मध्ये ती आली आणि "बारावी पास, महिना ६,००० रुपये" एवढंच घरोघरच्या मोबाईलवर फिरलं. एफवायचा मुलगा बारावी पास असतोच, वयाची १८ ते ३५ ची अटही बसते. पण शासन निर्णयात शैक्षणिक पात्रतेला लागूनच लिहिलं आहे की शिक्षण चालू असलेले उमेदवार पात्र नाहीत. हे वाक्य पोस्टरवर कुणी छापत नाही. मग मूल महास्वयं या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी करतं, अधिवासाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात दोन दिवस घालवतं, आणि शेवटी "सध्या काय करता?" या प्रश्नाशी सगळं थांबतं. शिक्षण सुरू असल्याचं लपवून अर्ज करू नका. आधार आणि कॉलेज प्रवेशाच्या नोंदी जुळवल्या की ते उघड होतं, आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी त्रास होतो.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा वय २१ ते २४, पूर्णवेळ शिक्षण चालू नको, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, अशा अटी होत्या. प्रशिक्षण १२ महिन्यांचं. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत बसत नाही, त्यामुळे एफवायला तिचा विचार करण्यात अर्थ नाही. नीती आयोगाच्या इंटर्नशिपची खिडकी दर महिन्याच्या १ ते १० तारखेला उघडते, बारावीला ८५ टक्के लागतात. टक्के आहेत म्हणून मुलं अर्ज करतात, पण पदवीच्या मुलांनी चौथ्या सत्राची परीक्षा दिलेली असावी ही अट त्याच पानावर असते. पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा, यंदा नको. रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप प्रामुख्याने पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या मुलांसाठी आहे. पदवी-पदविकावाल्यांची सरकारी अप्रेंटिसशिप शिक्षण पूर्ण झाल्यावरची. नावात "अप्रेंटिस" दिसलं की एफवायने तिथे वेळ घालवू नये.

एक गैरसमज कॉलेजांच्या सूचनाफलकांनीच वाढवला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिप आहे म्हणून "पहिल्या वर्षानंतर केली नाही तर नापास" असं मुलांना वाटतं. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं असेल, तरच ४ जादा क्रेडिटचं (श्रेयांकांचं) काम त्या सुट्टीत करावं लागतं. पुढे शिकणाऱ्याला ते लागू नाही. बीए, बीकॉम, बीएस्सीला ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) साधारण सहाव्या सत्रात येते. घाबरून कुठल्यातरी क्लासला पैसे भरून "इंटर्नशिप प्रमाणपत्र" आणणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

मग एफवायला दार कुठे उघडं आहे? एआयसीटीईचं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं) इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथे नोंदणीला पैसे नाहीत. माय भारत या केंद्र सरकारच्या युवकांसाठीच्या पोर्टलवर सरकारी कार्यालयांत, दवाखान्यांत काम शिकण्याच्या संधी लागतात. बीएस्सीवाल्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा "नियस" उपक्रम जरूर पाहावा, तो सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. त्यासाठी शिक्षकांचं शिफारसपत्र आधीच मागून ठेवा. पण खरं सांगायचं तर एफवायला सर्वात सहज मिळतं ते गावातलं काम. बीकॉमच्या मुलाने सीएच्या ऑफिसात जावं. जुलैअखेरच्या विवरणपत्रांची गडबड तिथे मे-जूनपासूनच वाढत जाते, हाताखाली माणूस हवाच असतो. बीएच्या मुलीने स्थानिक वर्तमानपत्र, वाचनालय किंवा एखादी सामाजिक संस्था गाठावी. ईमेलची वाट न पाहता बोनाफाईड (कॉलेजात शिकत असल्याचा दाखला) आणि एका पानाचा बायोडाटा घेऊन सकाळी अकराच्या सुमारास समक्ष जा.

आता एनओसी. कंपनी म्हणते, आधी कॉलेजची एनओसी आणा, मग ऑफर लेटर देतो. कॉलेजचं ऑफिस म्हणतं, आधी ऑफर लेटर दाखवा, मग एनओसी देतो. या चक्रात मुलाचे पंधरा दिवस जातात आणि जागा दुसऱ्याला मिळते. नियम कुणी असा लिहिलेला नसतो, खिडकीवर जबाबदारी नको म्हणून हे चालतं. सुटका अशी: कंपनीकडून दोन ओळींचा ईमेल मागा, "अमुक विद्यार्थ्याला अमुक ते अमुक तारखेपर्यंत घेण्याचा आमचा विचार आहे, कॉलेजच्या परवानगीवर अवलंबून." त्याची प्रत अर्जाला जोडली की बहुतेक विभागप्रमुख सही करतात. तेही जमलं नाही तर कंपनीचं नाव न घालता "ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांना" असं पत्र मागा. त्यात सुट्टीचा कालावधी तारखांसह हवा.

पत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून चार गोष्टी तपासा. लेटरहेड, जावक क्रमांक, प्राचार्यांची सही, गोल शिक्का. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीचं पत्र अगदी नीट टाइप केलेलं होतं, सही-शिक्काही होता, पण "जा.क्र." पुढची जागा कोरी राहिली होती. कंपनीने परत पाठवलं. तोवर सुट्टी लागलेली, जावक नोंदवही कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या क्लार्ककडे. एका आकड्यासाठी तिचे नऊ दिवस गेले. म्हणून एनओसीचा अर्ज परीक्षेच्या आधी, मार्चमध्येच टाका. मे महिन्यात ऑफिस अर्धवेळ असतं आणि प्राचार्य भेटतीलच असं नाही.

तारखांचीही गफलत होते. फॉर्ममध्ये "कधीपासून उपलब्ध" विचारतात. मुलं उत्साहात १ मे लिहितात आणि मग विद्यापीठाचं वेळापत्रक पुढे सरकतं. शेवटच्या पेपरनंतर आठवडाभराची तारीख द्या. दोन महिने कबूल करू नका, चार ते सहा आठवडे सांगा. जूनमध्ये एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायचा असतो.

कागदपत्रांत आधार, कॉलेजचं ओळखपत्र, बोनाफाईड, बारावीची गुणपत्रिका हे नेहमीचं. दुसऱ्या सत्राचा निकाल एफवायकडे नसतोच, तरी "चालू वर्षाची गुणपत्रिका" मागतात. पहिल्या सत्राची जोडा, आणि तीही आली नसेल तर बोनाफाईडमध्ये "निकाल प्रतीक्षेत" असं लिहून घ्या. नावाचा घोळ जुना आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा नाव आधी. ऑनलाइन फॉर्म दोन्ही जुळवतो आणि लाल अक्षरं दाखवतो. फॉर्ममध्ये आधारप्रमाणे नाव भरा, गुणपत्रिका फक्त जोडा. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधार दुरुस्तीला आत्ताच लागा, ते एका दिवसात होत नाही.

ज्यांची अठरा वर्षं पूर्ण नाहीत त्यांनी पालकांचं संमतीपत्र तयार ठेवावं. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डवर फोटो नसतो, त्यामुळे ओळखीचा पुरावा म्हणून ते चालत नाही. अठरा झाल्यावर ते अद्ययावत करून घ्या. स्टायपेंडसाठी वडिलांचं खातं देऊ नका, स्वतःच्या नावाचं लागतं. सरकारी योजनेचे पैसे आधार क्रमांकावरून येतात. "आधार लिंक आहे" एवढं बँकेच्या उत्तरावर थांबू नका, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) हेच खातं जोडलंय का, असं नेमकं विचारा.

नोंदणी शुल्क, अनामत रक्कम, "लॅपटॉप डिपॉझिट" मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, पत्र कितीही झकपक असो. काम करून घेणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही.

आणि काम संपायच्या आधीच्या आठवड्यात प्रमाणपत्राचा मसुदा मागा. त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास आणि काय काम केलं हे हवं. काम क्रेडिटसाठी दाखवायचं असेल तर हिशोब तासांवर होतो, ४ क्रेडिटला १२० तास धरतात. नुसतं "यशस्वीरीत्या पूर्ण केले" लिहिलेला कागद परीक्षा विभाग परत करतो, आणि तोवर तिथला सही करणारा माणूस बदललेला असतो.