बाउत्सेनचं नाव मुलाच्या जन्मावरून पडलेलं नाही

पूर्व जर्मनीतल्या बाउत्सेनबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. एका राजाची राणी बाळंतपणाला टेकली होती. 'मुलगा होईल का?' असं त्याने स्लाव भाषेत विचारलं, 'बुद्झे सिन?', आणि त्यावरून गावाचं स्लाव नाव बुदिशिन पडलं. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही.

भाषातज्ज्ञ हे नाव व्यक्तिनामावरून आल्याचं मानतात: बुदिश नावाच्या माणसाची वस्ती. स्लाव प्रदेशांत अशी गावं पुष्कळ. इथे मिल्चानी या स्लाव टोळीची गढी होती आणि 1002 मध्ये गावाचा पहिला लेखी उल्लेख सापडतो.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो: बुदिशिन हे सोर्बियन (म्हणजे या भागातल्या स्लाव लोकांच्या भाषेतलं) नाव म्हणे कम्युनिस्ट राजवटीत दुभाषी पाट्यांसाठी घडवलं! उलट जर्मन नावच मूळ स्लाव नावातून आलं. 1868 पर्यंत जर्मन कारभारातही गाव 'बुदिसिन'च होतं, 'बाउत्सेन' हे रूप अधिकृत झालं ते त्या वर्षी. शिवाय इथल्या नागरिकांनी घ्यायच्या शपथेचा सोर्बियन मजकूर साधारण 1532 चा आहे. दोन सोर्बियन भाषांपैकी 'अपर सोर्बियन' या भाषेतला तो सर्वांत जुना उपलब्ध मजकूर. आजही सोर्बियनांची मुख्य संघटना दोमोविना याच गावातून काम करते.