पालकीय नियंत्रण आणि कुमारवयीनांचे स्वनियमन

मुलांनी आपल्या म्हणण्याप्रमाणे वागावे यासाठी आई-वडील घालतात ती बंधने, ठेवतात ती देखरेख आणि वापरतात ते निरनिराळे मार्ग यांना मानसशास्त्रात एकत्रितपणे पालकीय नियंत्रण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय कुमारवय मानते. या वयात नियंत्रणाचा प्रश्न घरोघरी धारदार होतो. मुलांना स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावेसे वाटू लागतात, पण मोह आवरणे, पुढचा विचार करणे ही कामे ज्यावर अवलंबून असतात तो मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे या मुलांना मोकळीकही लागते आणि आधारही. गेल्या साठ वर्षांतल्या संशोधनाचा कल असा दिसतो, की नियंत्रण किती आहे यापेक्षा ते मुलाच्या वागण्यावर आहे की मनावर, यावर त्याची प्रेरणा आणि स्वतःला सांभाळण्याची ताकद अधिक अवलंबून असते.

संकल्पनेची घडण

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात बर्कली येथे लहान मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास करून पालकत्वाच्या तीन पद्धती मांडल्या : हुकूमशाही, अतिमोकळी आणि समंजस-खंबीर. तिसऱ्या पद्धतीतले पालक नियमांबाबत ठाम असतात, पण नियमामागचे कारण सांगतात आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतात. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी अपेक्षा आणि जिव्हाळा या दोन मापांवर ही मांडणी पुन्हा उभी केली आणि चौथी, दुर्लक्ष करणारी पद्धत त्यात घातली. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन व कॅलिफोर्नियातल्या माध्यमिक शाळांमधल्या हजारो मुलामुलींचा अभ्यास १९९०च्या दशकात प्रसिद्ध केला. समंजस-खंबीर घरांतली मुले अभ्यासात आणि आत्मविश्वासात पुढे असल्याचे त्यात आढळले. हुकूमशाही घरांतली मुले आज्ञाधारक होती, पण स्वतःच्या कुवतीविषयी त्यांचे मत कमी होते.

या वर्गीकरणाची एक अडचण होती. ‘कडक’ हा शिक्का दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर बसत होता. रात्री नऊच्या आत घरी आलेच पाहिजे असे सांगणारी आई कडक आणि मनासारखे झाले नाही तर दोन दिवस अबोला धरणारी आईही कडकच. अर्ल शेफर यांनी १९६५ मध्येच ही दोन टोके वेगळी मोजली होती, मात्र तो धागा पुढे बराच काळ मागे पडला. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये तो पुन्हा हाती घेतला. घरी येण्याची वेळ, अभ्यास, मित्रमंडळी, पैसे यांविषयीचे नियम आणि त्यांची देखरेख म्हणजे वर्तननियंत्रण. अपराधीपणा देणे, प्रेम काढून घेणे, मुलाच्या भावना खोट्या पाडणे, बोलणे मध्येच तोडणे, लाजवणे म्हणजे मानसिक नियंत्रण. पहिल्याचा अभाव बेशिस्त आणि धोकादायक वर्तनाशी जोडलेला आढळतो, तर दुसऱ्याचे असणे नैराश्य, चिंता आणि स्वतःवरच्या अविश्वासाशी.

मानसिक नियंत्रण ओळखायला अवघड नाही. ‘तुझ्यासाठी आम्ही एवढं करतो आणि तू हे पांग फेडतोस?’, ‘मावशीची स्नेहा बघ, तिला सांगावं लागतं का कधी?’, ‘जा, माझ्याशी बोलूच नकोस आता’, ‘एवढ्यानं रडतात का? नाटकं बंद कर’. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काळजीच असते. मात्र यातल्या एकाही वाक्यात मुलाने नेमके काय करायचे हे सांगितलेले नाही. ही वाक्ये फक्त ते मूल म्हणून कसे आहे, याचा निकाल देतात.

प्रेरणेवर होणारा परिणाम

एडवर्ड डेसी यांचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयाच्या मुळाशी आहे. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली आणि त्यांतल्या एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे डॉलर दिला. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात या गटाने कोड्यांना पैसे न मिळालेल्या गटापेक्षा कमी हात लावला. जे आवडीने चालले होते त्याला बाहेरून दोर बांधला, की आवड आटते, असा त्याचा अर्थ लावला गेला. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे रॉचेस्टर विद्यापीठात यातून आत्मनिर्धारण सिद्धांत विकसित केला. आपले वागणे आपल्या मर्जीचे आहे असे वाटणे, आपल्याला जमते असे वाटणे आणि आपली माणसे आपली आहेत असे वाटणे, या तीन गरजा भागल्या तरच प्रेरणा टिकते, असे हा सिद्धांत सांगतो.

या सिद्धांताचा पालकांसाठी सर्वांत उपयोगी भाग म्हणजे प्रेरणेच्या पायऱ्या. एकच गणिताचा सराव मुले चार वेगळ्या कारणांनी करतात : बाबा रागावतील म्हणून, न केल्यास स्वतःचीच लाज वाटेल म्हणून, पुढे अभियांत्रिकीला गणित लागणार हे पटले आहे म्हणून किंवा गणित आवडते म्हणून. पहिली पायरी सगळ्यांना दिसते. फसवी आहे ती दुसरी. इथे छडी बाहेरच्या हातातून मुलाच्या मनात गेलेली असते. मूल सांगितल्यावाचून अभ्यासाला बसते, त्यामुळे पालकांना ते शहाणे, जबाबदार वाटते. रायन आणि जेम्स कॉनेल यांनी १९८९ मध्ये शाळकरी मुलांना, तुम्ही अभ्यास का करता, असे विचारले, तेव्हा या पायरीवरची मुले मेहनत भरपूर करत असल्याचे आढळले. त्याबरोबरच त्यांना शाळेची चिंता अधिक वाटत होती आणि अपयश आले की ती कोलमडत होती. तिसऱ्या पायरीवरच्या मुलांमध्ये मात्र मेहनत होती, शाळेची गोडीही होती आणि अपयशातून सावरण्याचे बळही होते. परीक्षेच्या निकालात या दोन्ही प्रकारच्या मुलांचे गुण सारखे दिसू शकतात. म्हणूनच केवळ गुणांवरून घरातले वळण बरोबर की चूक हे ठरवणे धोक्याचे आहे.

आवी असोर, गाय रॉथ आणि डेसी यांनी २००४ पासून सशर्त मायेचा अभ्यास केला. मूल अपेक्षेप्रमाणे वागले की जवळ घ्यायचे, नाही तर थंडपणे दूर सारायचे, ही ती रीत. तिच्यात वाढलेली मुले अपेक्षेप्रमाणे वागतात खरी, पण आतल्या सक्तीने. यश मिळाले तर त्याचे समाधान अल्पकाळ टिकते आणि आई-वडिलांविषयी मनात अढी बसते. २००९ मध्ये या गटाने या मायेच्या दोन बाजू वेगळ्या करून पाहिल्या. माया काढून घेण्याचा संबंध रागावर ताबा न राहण्याशी आणि अभ्यासातून मन उडण्याशी दिसला. यशानंतर जास्तीची माया देणे निरुपद्रवी वाटते, पण त्याचा संबंध भावना दाबून टाकण्याशी आणि फक्त गुणांसाठी अभ्यास करण्याशी निघाला. शाबासकी वाईट असा याचा अर्थ नाही. प्रश्न इतकाच, की नापास झालेल्या दिवशीही ताटात तेवढीच आपुलकी वाढली जाते का.

स्वनियमन कसे घडते

स्वतःसाठी ध्येय ठरवणे, काम करताना लक्ष आणि भावना आवरणे, नंतर काय चुकले हे पाहून पद्धत बदलणे, या चक्राला स्वनियमन म्हणतात. बॅरी झिमरमन यांनी अभ्यासाच्या संदर्भात हे तीन टप्पे मांडले. नियंत्रण करणारे पालक नकळत हे तिन्ही टप्पे स्वतःकडे घेतात : वेळापत्रक आई करते, मध्येच डोकावून बाबा पाहतात आणि पेपर तपासून चुका काढतात तेही तेच. मुलाच्या वाट्याला फक्त मधली मेहनत उरते. वसतिगृहात गेल्यावर पहिल्याच सत्रात हुशार मुलांची घडी विस्कटते, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

वेंडी ग्रोलनिक आणि रायन यांनी १९८९ मध्ये तिसरी ते सहावीच्या मुलांच्या पालकांच्या मुलाखती घेऊन तीन गोष्टी वेगळ्या काढल्या : मुलाच्या मताला जागा देणे, त्याच्यात लक्ष घालणे आणि अपेक्षा व नियम स्पष्ट ठेवणे. मताला जागा देणाऱ्या पालकांची मुले स्वतःहून अभ्यास करणारी होती आणि शिक्षकांच्या मतेही अधिक सक्षम होती. नियम आणि मोकळीक यांचे वैर नाही, हा या अभ्यासाचा मोठा लाभ. ‘फोन बंद कर म्हटलं ना, किती वेळा सांगू?’ आणि ‘रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत राहील. झोप पुरी होत नाही म्हणून हे ठरवतोय. शनिवारी मित्रांचा खेळ असतो हे माहीत आहे, त्या दिवशी किती वाजता ठेवायचा ते तू सांग.’ यातला दुसरा नियम पहिल्याइतकाच कडक आहे. पण त्यात कारण आहे, मुलाची अडचण मान्य केली आहे आणि काही भाग त्याच्या हाती दिला आहे.

मोकळीक म्हणजे एकटे सोडणेही नव्हे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे बार्ट सूनन्स आणि मार्टिन व्हान्स्टीनकिस्ट यांनी २००७ मध्ये दाखवले, की मुलांना सगळे निर्णय एकट्याने घ्यायला लावण्यापेक्षा ती मनापासून पटलेले वागतात की नाही हे अधिक महत्त्वाचे. अकरावीची शाखा निवडताना बाबांचा सल्ला आपणहून विचारणारी मुलगी परावलंबी ठरत नाही.

देखरेख आणि विश्वास

‘मुलांवर लक्ष ठेवा’ हा सल्ला अनेक वर्षे संशोधनाच्या आधाराने दिला जात होता, कारण ज्या पालकांना मुले कुठे आहेत हे ठाऊक असते त्यांची मुले कमी बिघडतात असे दिसत होते. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० मध्ये या समजाला धक्का दिला. चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या अभ्यासात त्यांनी पालकांना ही माहिती मिळते कशी, हे तपासले. मुख्य स्रोत निघाला मुलांनी आपणहून सांगणे. चौकशी आणि नियम यांचा वाटा त्या मानाने लहान होता आणि आपल्यावर पाळत आहे असे वाटणाऱ्या मुलांमध्ये वर्तनाच्या अडचणी जास्त होत्या. त्यांच्या या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, तरी त्यातला गाभा टिकला आहे. खरे सांगितल्यावर घरात काय होते, यावर मूल पुढच्या वेळी सांगेल की नाही हे ठरते.

कोणत्या बाबीत पालकांचा अधिकार मुले मान्य करतात हेही ठरलेले असते. जुडिथ स्मेटाना यांच्या अभ्यासांनुसार सुरक्षितता आणि नीतीच्या बाबतीत कुमारवयीन मुले पालकांचा शब्द बऱ्यापैकी मानतात. केस, कपडे, खोलीतला पसारा, मैत्रिणी ही मात्र त्यांना स्वतःची हद्द वाटते. अमेरिका आणि जपान या दोन्ही देशांत, या खासगी बाबींतली ढवळाढवळ आणि चिंता-नैराश्याची लक्षणे यांचा संबंध आढळला आहे. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत ही हद्द फार आत सरकवलेली असते आणि कारण सुरक्षिततेचे दिले जाते. भावाला आठ वाजेपर्यंत मैदान आणि बहिणीला सहालाच घर, हा फरक पटेल असे कारण सहसा सांगता येत नाही.

संस्कृतीचा प्रश्न

हे सारे पाश्चात्त्य मध्यमवर्गाचे खूळ आहे, आपल्याकडे धाक म्हणजे प्रेमच, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला वजन आहे. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की चिनी कुटुंबांतले कडक वळण हे काळजी आणि शिकवण यांचा भाग असते, त्यावर ‘हुकूमशाही’ हा अमेरिकी शिक्का नीट बसत नाही. मात्र चियान वांग, ईव्हा पोमरँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांचा काही महिने मागोवा घेतला, तेव्हा मानसिक नियंत्रणाचा भावनिक त्रासाशी असलेला संबंध दोन्ही देशांत आढळला. नियमांचा कडकपणा संस्कृतीनुसार वेगळा अर्थ घेऊ शकतो. अपराधीपणाने वाकवण्याला तशी सूट मिळत नाही असे दिसते. या संशोधनाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. बरेचसे काम प्रश्नावल्यांवर चालते, आढळणारे संबंध सहसा लहान असतात आणि कारण-परिणाम दोन्ही दिशांनी वाहतात : हट्टी किंवा अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचे पालक आपोआप अधिक कडक होतात.

पालकांवरचा दाब

ग्रोलनिक यांच्या २००२ मधील एका प्रयोगात काही आयांना सांगितले गेले, की मुलाला हे काम ठरावीक दर्जाचे जमले पाहिजे. मुलासोबत कविता रचण्याच्या कामात या आया इतरांपेक्षा जास्त ताबा घेऊ लागल्या. दडपण आले की चांगले पालकही मुलाच्या हातातली पेन्सिल घेतात. महाराष्ट्रात दहावी-बारावीचे वर्ष नेमके हेच दडपण घेऊन येते. ‘यंदा दहावी आहे’ म्हटले की केबल बंद, मैदान बंद, लग्नकार्ये बंद. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी लातूरला किंवा राजस्थानात कोट्याला खोली घेऊन मुलासोबत राहणाऱ्या आया आहेत. त्यांची नोकरी, घर, दुसरे मूल मागे राहिलेले असते. एवढा त्याग समोर असताना ‘मला हे जमत नाही’ हे वाक्य मुलाच्या तोंडून निघणे फार कठीण होते. अशा वेळी पालकांना दोष देत बसण्यात अर्थ नाही. जागा कमी, स्पर्धा प्रचंड आणि एका परीक्षेवर सगळे अवलंबून, अशी रचनाच त्यांना त्या दिशेने ढकलते. याच मुलांसाठी ‘नाही जमलं तर काय’ याचे खरे, पैशांसकट ठरवलेले उत्तर घरात आधीच बोललेले असणे फार मोलाचे असते.

मोबाइलवरील नियंत्रण

पालकांसाठीची नियंत्रण ॲप्स हा या विषयाचा सर्वांत नवा भाग. पामेला विस्निएव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा ७५ अँड्रॉइड ॲप्सची तपासणी केली. त्यांतल्या ८९ टक्के सुविधा पालकांचे नियंत्रण वाढवणाऱ्या होत्या, म्हणजे मुख्यतः पाळत आणि बंदी. मुलाला स्वतःच स्वतःच्या वापराची जाणीव करून देणाऱ्या किंवा मदत मागू देणाऱ्या सुविधा अगदी थोड्या होत्या. दहा वर्षांच्या मुलासाठी कुलूप योग्यच ठरते. सतराव्या वर्षीही तेच कुलूप असेल, तर अठराव्या वर्षी ते निघाल्यावर हात आवरण्याचा सराव झालेलाच नसतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने (२०२३) अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे. त्यात बारा आणि सतरा या वयांत फरक केलेला नाही, त्यामुळे वयानुसार दोर कसा सैल करत न्यायचा हे काम घरावरच सोपवलेले आहे.