घरगुती पावडर कोटिंग

रंगाची कोरडी पूड विद्युतभाराच्या जोरावर धातूच्या वस्तूवर बसवायची आणि ओव्हनमध्ये वितळवून पक्की करायची, ही मूळची कारखान्यातली प्रक्रिया. तीच गॅरेजात किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बेताच्या साधनांनिशी केली, की तिला घरगुती पावडर कोटिंग म्हणतात. मोटारसायकलची इंजिन कव्हरे, ब्रॅकेट, बिजागऱ्या, हँडल, यंत्रांचे छोटे सुटे भाग अशी ओव्हनमध्ये मावणारी कामे यात येतात. पातळ रंगापेक्षा हा थर चिवट असतो. त्यात थिनर नसल्याने रंग ओघळत नाही आणि द्रावकाच्या वाफाही निघत नाहीत.

या तंत्राची सुरुवात १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांच्या प्रयोगांतून झाली. खालून हवा सोडून उकळत्या द्रवासारखी हलती ठेवलेली पूड आणि तीत बुडवलेला गरम धातू, अशी त्यांची पद्धत होती. विद्युतभारित पूड फवारण्याची आजची पद्धत १९६० च्या दशकात रुळली. मूळ पद्धतही हौशी मंडळींनी टिकवून धरली आहे. मासेमारीच्या गळांची शिशाची डोकी रंगवणारे लोक एका नळीच्या तळाशी गाळणकागद लावतात, मत्स्यालयाच्या छोट्या पंपाची हवा त्यातून सोडतात आणि तापवलेले डोके वर फुललेल्या पुडीत क्षणभर बुडवून काढतात. छोट्या वस्तूंसाठी याहून स्वस्त पद्धत सापडणे कठीण.

पूड तयार करताना राळ, तिला कठीण करणारे रसायन, रंगद्रव्य आणि पूरके एकत्र वितळवून मळतात व गार झाल्यावर दळतात. कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि प्रत्येक कणात पूर्ण मिश्रण असते. म्हणूनच दोन रंगांच्या पुडी मिसळून तिसरा रंग होत नाही: निळ्यात पिवळी घातली, तर हिरवा रंग न येता निळे-पिवळे ठिपके दिसतात. इपॉक्सीची पूड रसायनांना उत्तम तोंड देते, पण उन्हात खडूसारखी पांढुरकी होते. उन्हात राहणाऱ्या वस्तूंसाठी पॉलिएस्टर घ्यावे. दोन्हींची मिश्र पूड घरातल्या वस्तूंना पुरते.

नवखा माणूस सगळ्यात आधी पूड फवारणाऱ्या गनची चौकशी करतो. खरे तर कामाचा दर्जा गनपेक्षा जॉबच्या, म्हणजे रंगवायच्या वस्तूच्या, सफाईवर आणि ओव्हनमधल्या तापमानावर ठरतो. स्वस्त गनमध्येही तत्त्व तेच असते. टोकाच्या सुईवर उच्च विद्युतदाब असतो, तिच्याजवळून जाणाऱ्या कणांना भार मिळतो आणि ते अर्थिंग केलेल्या जॉबकडे ओढले जातात. कारखान्यातल्या गन ६० ते १०० किलोव्होल्टवर चालतात, हौशी गन बहुधा १० ते ३० वर. हवेचा दाब फार लागत नाही. ८ ते १० पीएसआय पुरतो. मात्र ती हवा कोरडी हवी. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी गनपर्यंत पोचले, की पुडीच्या गुठळ्या होतात आणि गन थुंकू लागते. म्हणून गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावणे भागच आहे.

जॉबवर जुना रंग, गंज किंवा ग्रीस राहिले, तर महागड्या पुडीचाही उपयोग नाही. आधी ग्रीस काढायचे, मग सँडब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा जोरदार मारा), वायर ब्रश किंवा पॉलिश पेपरने धातू उघडा करायचा आणि पुन्हा एकदा पुसून घ्यायचा. ग्रीस काढल्याशिवाय ब्लास्टिंग केले, तर तेल खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत ठासले जाते. यानंतर जॉबला उघड्या हाताने शिवायचे नाही. बोटांच्या तेलाचे डाग रंगाखाली उमटतात. क्लोरीनयुक्त क्लीनर मात्र वापरूच नये. त्याचा अंश तापला, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

ओतीव भागांची वेगळीच तऱ्हा असते. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत तेल आणि वायू मुरलेले असतात. ते नेमके पूड वितळलेली असताना बाहेर पडतात आणि थरावर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. उपाय म्हणजे पूड मारण्याआधी रिकामा जॉब पक्का करण्याच्या तापमानाहून थोडा जास्त तापवून ठेवायचा, सुटलेले तेल पुसायचे आणि मग पुढे जायचे. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूही असाच त्रास देतात.

आटे, बेअरिंगच्या जागा आणि अर्थिंगचे बिंदू झाकावे लागतात. साधी मास्किंग टेप ओव्हनमध्ये जळते. पॉलिएस्टरची किंवा पॉलिइमाइडची उष्णतारोधक टेप आणि भोकांसाठी सिलिकॉनची बुचे लागतात. रबर, प्लास्टिक आणि बेअरिंग आधीच काढून ठेवायचे.

फवारताना खरी परीक्षा अर्थिंगची असते. जॉब ज्या तारेच्या हुकाला टांगायचा, तो हुक जिथे टेकतो तिथे धातूला धातू लागला पाहिजे. मागच्या वेळचा रंग हुकावर साचला असेल, तर तो विद्युतरोधक होतो आणि पूड भुरभुरत खाली पडते. अर्थिंग चांगले असले, की गोल सळईच्या पुढून मारलेली पूड वळसा घेऊन तिच्या पाठीवरही बसते. आतल्या कोपऱ्यांत मात्र ती जात नाही, कारण विद्युतक्षेत्र कडांवरच एकवटते. याला फॅराडे पिंजऱ्याचा परिणाम म्हणतात. अशा वेळी व्होल्टेज आणि हवा कमी करून कोपरे आधी भरायचे, सपाट भाग नंतर. पूड फार झाली, तर साचलेला भार नवे कण परत ढकलतो आणि थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडी चांगली. या टप्प्यावर काही बिघडले, तरी हवा मारून सगळी पूड उडवता येते आणि नव्याने सुरुवात करता येते.

पुडीच्या डब्यावर ‘२०० अंश सेल्सिअस, १० मिनिटे’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते तापमान धातूचे असते, ओव्हनच्या हवेचे नव्हे. पातळ पत्रा हवेपाठोपाठ तापतो, जाड ओतीव तुकडा बराच वेळ मागे रेंगाळतो. काचेतून पाहिले, तर कोरडी, निस्तेज पूड आधी काळपट व ओलसर दिसते, मग दाणे एकमेकांत मिसळतात आणि थर तुकतुकीत होतो. ही चकाकी फसवी असते. पूड वितळली एवढेच तिने कळते, राळेच्या रेणूंची जाळी बांधली गेली असे नाही. मिनिटे मोजायची ती जॉबने ठरलेले तापमान गाठल्यानंतर. लेझरचा ठिपका पाडणारा तापमापक चकचकीत उघड्या धातूवर तापमान कमी दाखवतो. रंगलेल्या भागावर धरला तर त्याचा आकडा बराच विश्वासार्ह असतो. जॉबला टेकवलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) त्याहून चांगला. कच्चा राहिलेला थर दिसायला छान असतो, पण द्रावकात भिजवलेल्या फडक्याने घासला की मऊ पडतो, आणि ठोका बसताच त्याचे पोपडे निघतात. गरजेपेक्षा जास्त भाजला, तर पांढरा रंग पिवळट होतो.

ओव्हन विजेवर चालणाराच हवा. हवेत तरंगणारी पूड आणि गॅसची ज्योत एकत्र आली, तर भडका उडू शकतो. फवारणीच्या जागेपासून ठिणगी, हीटर, सिगारेट दूर ठेवावेत. एकदा या कामाला लावलेला ओव्हन पुन्हा कधीही अन्नासाठी वापरायचा नाही. भाजताना धूर व वास येतो, म्हणून खोली हवेशीर हवी. बारीक पूड फुप्फुसांत जाऊ नये यासाठी कणरोधक मास्क लागतो; साधा कापडी रुमाल कामाचा नाही. काही पॉलिएस्टर पुडींत टीजीआयसी हे रसायन असते. युरोपात त्याची नोंद जनुकांना इजा करणारे अशी आहे, तेव्हा डब्यावरची माहिती वाचूनच पूड निवडावी. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू गनजवळ थांबू नये.

काही वस्तू घरच्या ओव्हनमध्ये घालूच नयेत. गॅस किंवा तेल भरलेले बंद शॉक ॲब्सॉर्बर तापले की फुटू शकतात. शिशा-कथिलाच्या डाखाचे सांधे १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतात. उष्णतेच्या प्रक्रियेने मजबूत केलेल्या ॲल्युमिनियमचे प्रकरण जास्त कपटी, कारण नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ७०७५ सारख्या मिश्रधातूचे बळ सुमारे १२० अंशांवर मुरवून आणलेले असते, आणि २०० अंशांवर ठेवले की ते उतरू लागते. अलॉय चाके, हँडलबार आणि ज्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे असे भाग निर्मात्याची मर्यादा ठाऊक असलेल्या कारखान्याकडेच द्यावेत.

उरलेली पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व थंड जागी ठेवली की बराच काळ चालते. जमिनीवर पडलेली पूड गोळा करून पुन्हा वापरली, तर दुसऱ्या रंगाचा एखादा कणही पांढऱ्या थरावर ठिपका होऊन बसतो. पक्का झालेला थर काढायचा, तर पुन्हा ब्लास्टिंग किंवा तीव्र रसायनेच लागतात.