आधी काय राहतं ते सांगा: जुन्या रनच्या नोंदी पुसणाऱ्या टूलची पार्श्वभूमी

बेळगावकडं जुना कागद सहसा कुणी फाडत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचे मराठी कागद, शाळेचे दाखले आजही निपाणी-खानापूरकडच्या घरांत ट्रंकेच्या तळाशी, पिशवीत बांधून ठेवलेले सापडतात. कधी लागतील सांगता येत नाही. अशाच घरांतल्या मुलांना मी सॉफ्टवेअर शिकवतो. त्यांच्यासाठी ‘डिलीट वर्कफ्लो रन्स’ या टूलची (गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर आपोआप झालेल्या कामांच्या, म्हणजे ‘रन’च्या, जुन्या नोंदी पुसणारं टूल) मराठी माहितीपुस्तिका लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडलो. मी लिहिलं होतं, “हे टूल जुन्या नोंदी कायमच्या पुसतं.” खानापूरच्या एका मुलानं ते वाचून विचारलं, “सर, मग माझा कोड पण जातोय काय ओ?”

कोड जात नाही. पण हे त्याला पटेल असं सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ठरल्या वेळी संगणकाकडून आपोआप काम करून घेणारा ‘क्रॉन’ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७० च्या दशकातच आला. काम झालं की लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची तपशीलवार नोंद, उरतो, आणि लॉग साचत गेला की डिस्क भरते. त्यावर ‘लॉगरोटेट’ आलं. रेड हॅट लिनक्सच्या मूळ मांडणीत दर आठवड्याला नवी फाइल उघडायची, मागच्या ४ ठेवायच्या आणि त्याहून जुनी काढून टाकायची, असा हिशेब होता. पुढं कोड तपासून बिल्ड करणारी, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम तयार करणारी, साधनं आली. त्यांतलं ‘हडसन’ २०११ मध्ये ‘जेनकिन्स’ या नावानं वेगळं झालं. जुने बिल्ड टाकण्यासाठी जेनकिन्समध्ये दोन रकाने असतात: किती दिवसांचे ठेवायचे आणि जास्तीत जास्त किती ठेवायचे. शिवाय शेवटचा यशस्वी बिल्ड ते स्वतःहून राखून ठेवतं.

गिटहबनं ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘अ‍ॅक्शन्स’ जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. कामाच्या पायऱ्या लिहिलेली एक यॅमल फाइल ठेवली की कोड गिटहबवर ढकलल्यावर, नाहीतर घड्याळ लावून, काम आपलं आपण चालतं. प्रत्येक वेळेला एक रन आणि त्याची एक नोंद. दर १५ मिनिटांनी चालणारं काम दिवसाला ९६ नोंदी करतं, ३० दिवसांत २,८८०. मूळ मांडणीत लॉग ९० दिवसांनी जातो, पण यादीतली ओळ तशीच राहते. उघडली तर लॉगची मुदत संपल्याचा निरोप दिसतो. यॅमल फाइल काढून टाकली तरी जुने रन असेपर्यंत तिचं नाव डाव्या बाजूला लोंबकळत राहतं. पानावरून पुसायचं तर एकेक ओळ उघडून, खात्री देऊन पुसायची. एपीआयमधून (प्रोग्रामनं थेट गिटहबला सूचना द्यायच्या वाटेनं) पुसण्याची सोय आल्यावर हे हातकाम टूलकडं सोपवता आलं.

या टूलमध्येही दोन आकडे आहेत. मूळ मांडणीत ३० दिवस आणि ६ रन. इथंच जेनकिन्सची सवय असलेला माणूस फसतो. तिथला बिल्डचा आकडा ‘यापेक्षा जास्त नको’ असं सांगतो, इथला रनचा ‘यापेक्षा कमी नको’. नुसते दिवस मोजले असते तर सुट्टीत दोन महिने पडून राहिलेल्या प्रोजेक्टच्या सगळ्याच नोंदी गेल्या असत्या. ६ च्या आकड्यामुळं निदान तेवढ्या वाचतात. माझ्याच एका विद्यार्थिनीनं दोन्ही ठिकाणी शून्य घातलं होतं. तोंडी परीक्षेत टेस्ट चालल्याचा पुरावा मागितला, तेव्हा दाखवायला एकही ओळ उरली नव्हती. पुसलेला रन परत आणता येत नाही. त्या दिवसाचा तिचा चेहरा आठवला की वाटतं, हे दोन आकडे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हवेत.

पुसायला एका रनमागं एक विनंती लागते आणि गिटहबच्या अंगच्या टोकनला (टूलला आत सोडणाऱ्या किल्लीला) एका रिपॉझिटरीसाठी, म्हणजे एका प्रोजेक्टच्या कोडसाठ्यासाठी, तासाला १,००० विनंत्यांची मर्यादा असते. म्हणून जुना ढीग एका दमात उपसायला जाऊ नये. टोकनला अ‍ॅक्शन्सवर लिहिण्याची परवानगीही द्यावी लागते.

आता पुस्तिका अशी सुरू होते: “रन म्हणजे केलेल्या कामाची नोंद. हे टूल तुमच्या कोडला हात लावत नाही. काहीही पुसण्याआधी काय ठेवायचं ते ठरवा आणि ड्राय रन लावून यादी वाचा.” ड्राय रनमध्ये काही पुसलं जात नाही, काय पुसलं जाईल तेवढं दिसतं. खानापूरच्या मुलानं ती यादी वरून खाली वाचली. त्यात त्याची पहिल्यांदा हिरवी, म्हणजे पास, झालेली टेस्ट होती. त्यानं ३० खोडून ९० घातले.