स्थलांतरित बेसबॉल संघांविषयीचे स्मरणरंजन

मालकाच्या निर्णयाने दुसऱ्या शहरात गेलेल्या व्यावसायिक बेसबॉल संघाबद्दल मूळ शहरातील चाहत्यांच्या मनात मागे राहणारी ओढ. अमेरिका आणि कॅनडात ती दोन-तीन पिढ्या टिकलेली दिसते. जुन्या चिन्हांच्या टोप्या, पाडलेल्या मैदानांच्या जागी लावलेले फलक, चाहत्यांची इतिहास मंडळे आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या आठवणी यांतून ती जपली जाते. संघ हरला तर पुढच्या मोसमाची आशा उरते. संघच गेला की ती आशाही दुसऱ्या शहराची होते. या हळहळीची धार तिथून येते.

मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील संघ ही खासगी मालमत्ता असते. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. त्यामुळे संघ कुठे खेळणार हे बहुतांशी मालकांच्या आपसातील मतदानावर ठरते. तरीही १९०३ नंतर अर्धशतक एकही संघ हलला नव्हता. १९५२ मध्ये बॉस्टन ब्रेव्ह्जचे सामने पाहायला मोसमभरात जेमतेम २,८१,२७८ प्रेक्षक आले. पुढच्या वर्षी संघ मिलवॉकीला गेला आणि तिथे हा आकडा अठरा लाखांवर पोहोचला. सर्व मालकांनी तो पाहिला. १९५४ मध्ये सेंट लुइस ब्राउन्स बाल्टिमोरला आणि १९५५ मध्ये फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स कॅन्सस सिटीला गेले. या तिन्ही शहरांत दुसरा संघ शिल्लक होता, म्हणून तिथले दुःख मर्यादित राहिले.

न्यूयॉर्क शहराचाच भाग असलेल्या ब्रुकलिनचे तसे झाले नाही. ब्रुकलिन डॉजर्स हा चांगला खेळणारा, पैसा कमावणारा आणि वस्तीत मुरलेला संघ होता. १९१३ मध्ये उघडलेल्या एबट्स फील्डमध्ये सुमारे ३२,००० प्रेक्षक मावत आणि पुढच्या रांगांतून खेळाडूंचे बोलणे ऐकू येई. हिल्डा चेस्टर ही प्रेक्षक गायीच्या गळ्यात बांधतात तशी घंटा वाजवून सारे मैदान डोक्यावर घेई. धावफलकाखाली एका कपडेविक्रेत्याची पाटी होती: चेंडूने या पाटीला टिपा आणि सूट (कोट-पँट) मिळवा. ड्यूक स्नायडर, पी वी रीस यांच्यासारखे खेळाडू मोसमात बे रिज भागातच राहत, त्यामुळे ते चाहत्यांना रस्त्यात भेटत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू याच मैदानावर उतरला आणि मेजर लीगमधील वर्णभेदाची दशकांची भिंत फुटली. १९४१ पासून पाच वेळा डॉजर्स वर्ल्ड सीरीज या मोसमाच्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजकडून हरले आणि दर वेळी ब्रुकलिनकर म्हणत राहिले, 'पुढच्या वर्षी बघा!' ते पुढचे वर्ष ४ ऑक्टोबर १९५५ रोजी आले. डॉजर्सचा गोलंदाज जॉनी पॉड्रेसने यांकीजना एकही धाव करू दिली नाही आणि ब्रुकलिनने एकमेव विजेतेपद मिळवले. त्यानंतर दोनच मोसमांनी संघ गेला.

मालक वॉल्टर ओ'मॅली यांना अटलांटिक आणि फ्लॅटबुश मार्गांच्या संगमाजवळ नवे मैदान हवे होते. शहराच्या बांधकामांवर पकड असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी ती जागा मिळवून देण्यास नकार देऊन शहराच्याच क्वीन्स भागातील फ्लशिंग मेडोजचा पर्याय पुढे केला. लॉस एंजेलिस वाट पाहत होतेच. ब्रुकलिनमध्ये अनेक दशके सारा दोष ओ'मॅलींच्या माथी होता. मोझेस यांचा वाटा अभ्यासकांनी नंतर उजेडात आणला. दोष दोघांकडेही जातो. मात्र शेवटचा निर्णय मालकाचा होता, हे विसरता येत नाही.

२४ सप्टेंबर १९५७ रोजी एबट्स फील्डवरील शेवटच्या सामन्याला फक्त ६,७०२ प्रेक्षक होते. अधिकृत घोषणा ८ ऑक्टोबरला झाली, तरी वारे कुणीकडे वाहते आहे हे सर्वांना कळले होते. ऑर्गनवादक ग्लॅडिस गुडिंग यांनी त्या रात्री निरोपाची गाणी वाजवली. फेब्रुवारी १९६० मध्ये मैदान पाडायला आणलेला लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवला होता. मोटार अपघातात पंगू झालेला यष्टिरक्षक रॉय कॅम्पानेला चाकांच्या खुर्चीत बसून हजर होता. त्याला होम प्लेटमागची, म्हणजे तो जिथे उभा राहून खेळे तिथली, माती कलशात भरून देण्यात आली. १९६२ मध्ये आलेल्या न्यूयॉर्क मेट्स संघाने निळा रंग डॉजर्सचा आणि नारिंगी रंग डॉजर्सबरोबरच १९५७ च्या मोसमानंतर न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या जायंट्सचा घेतला. मेट्सच्या २००९ मधील सिटी फील्डचा दर्शनी भागही एबट्स फील्डवरून घेतलेला आहे.

वॉशिंग्टनने सिनेटर्स नावाचे दोन संघ गमावले. ३० सप्टेंबर १९७१ रोजी दुसऱ्या संघाचा शेवटचा सामना ७–५ अशी आघाडी असताना, शेवटचा एक गडी बाकी असताना, प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला बहाल करावा लागला.

मॉन्ट्रियल एक्स्पोजबद्दल ब्रुकलिनइतके लिहिले जात नाही, आणि तो अन्याय आहे. १९९४ मध्ये हा संघ ७४ विजय आणि ४० पराभवांसह सर्व संघांत आघाडीवर होता. १२ ऑगस्टपासून खेळाडूंचा संप झाला, उरलेला मोसम आणि वर्ल्ड सीरीज रद्द झाली, आणि पुढच्या वर्षी चांगले खेळाडू देऊन टाकण्यात आले. २००३ व २००४ मध्ये 'घरचे' काही सामने चक्क पोर्तो रिकोतील सान हुआन येथे खेळवले गेले. २००५ मध्ये संघ वॉशिंग्टनला जाऊन नॅशनल्स झाला. गॅरी कार्टर, आंद्रे डॉसन, रस्टी स्टॉब आणि टिम रेन्स यांच्या सन्मानार्थ मॉन्ट्रियलने राखून ठेवलेले अंक वॉशिंग्टनमध्ये पुन्हा इतर खेळाडूंच्या पाठीवर दिसू लागले. तेव्हा शहरातील कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाने ते अंक आपल्या सभागृहाच्या छताला फलकावर टांगले आणि एक्स्पोजचा केसाळ शुभंकर 'यूपी' यालाही आपलेसे केले. विक्रमांची वही मालकाबरोबर जाते. तिच्यातील माणसांचा मान राखायचे काम इथे दुसऱ्याच खेळाने केले.

अलीकडचे उदाहरण ओकलंडचे. अ‍ॅथलेटिक्स १९६८ मध्ये कॅन्सस सिटीहून तिथे आले होते. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी बहिष्काराच्या उलट, म्हणजे मुद्दाम गर्दी करून निषेध केला: २७,७५९ लोक जमले आणि 'संघ विका' अशा घोषणा दुमदुमल्या. २६ सप्टेंबर २०२४ रोजी कोलिझियम या ओकलंडच्या मैदानावरील शेवटच्या सामन्याला ४६,८८९ प्रेक्षक आले. २०२५ पासून अ‍ॅथलेटिक्स वेस्ट सॅक्रामेंटोत खेळतात आणि नावात कोणत्याच शहराचा उल्लेख करत नाहीत. ओकलंडमध्ये २०२४ मध्येच बॉलर्स हा छोट्या लीगचा नवा संघ सुरू झाला असून चाहत्यांनीही त्याच्या मालकीत वाटा घेतला आहे.